पाहिलं म्हटलं ना!

त्या ऑफिसात 'हो' म्हणायला बंदी होती.

'ठीक', 'आहे', 'झालंय', 'बरोबर' यांनाही थारा नव्हता. नकाशा बाहेर पडण्याआधी एकाने यादी मोठ्यांदा वाचायची, दुसऱ्याने नकाशात त्या जागी बोट टेकवायचं, आकडा डोळ्यांनी बघायचा आणि मग एकच शब्द बोलायचा: 'पाहिलं'. नव्याने लागलेला कुणी चुकून "हो हो, आहे" म्हणाला, की विमानसाहेब पेन्सिल खाली ठेवायचे आणि भलत्याच गोड आवाजात विचारायचे, "आहे, हे मलाही ठाऊक आहे हो. तुम्ही पाहिलंत का?" त्यांच्या ओरडण्यापेक्षा लोक त्या गोड आवाजाला जास्त घाबरत.

विमानसाहेब म्हणजे त्या लहानशा शहरातले सगळ्यांत जुने आर्किटेक्ट. तेविसाव्या वर्षी युद्धात मालवाहू विमान उडवलं, युद्ध संपल्यावर आर्किटेक्चर शिकले, आणि मग दोन शाळा, टपाल कचेरी, वाचनालय आणि मोजता येणार नाहीत इतकी घरं बांधली. त्यांची गच्ची कधी गळत नसे. लोक म्हणायचे, गळेल कशी, या माणसाने गच्च्या वरून बघितल्यात!

ती यादी वाचायची पद्धतही विमानातूनच आलेली. पिवळ्या पुठ्ठ्यावर एकतीस कलमं, आकडे प्रत्येक इमारतीचे वेगळे. घरीही तोच प्रकार. बायको होती तोवर बाहेर पडताना दारात उभी राहून म्हणायची, "गॅस?" की साहेब चपला काढून आत जाणार, खटक्याला बोट लावणार, आणि बाहेर येऊन सांगणार, "पाहिलं." दोनदा त्यांची बस चुकली, पण गॅस मात्र पाहिलेला होता. बायकोला जाऊन आता नऊ वर्षं झाली. यादी वाचायचं काम गेली अठरा वर्षं लेकीकडे होतं. लेकही आर्किटेक्ट. वय चव्वेचाळीस, स्वतःचा संसार दोन गल्ल्या पलीकडे, कॉलेजात जाणारी मुलगी. तरी ऑफिसात सगळ्यांसमोर बाप तिला ठकीच म्हणायचा. ती चिडायची आणि यादी हातात घ्यायची.

तर अशा या माणसाचे डोळे गेले. म्हणजे अगदी सगळे नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. बारीक अक्षरं, आकडे, समोरच्याचा चेहरा, हे आधी जाईल. "घरी सांगा," त्या म्हणाल्या. "सांगतो तर," साहेब म्हणाले, आणि घरी येऊन लेकीला सांगितलं, "नंबर थोडा वाढलाय." पट्ठ्याने नवा चष्मासुद्धा करून घेतला, खोटं पचावं म्हणून! शहात्तर वर्षांच्या माणसाला इतका आटापिटा करायची काय गरज होती, असं कुणीही विचारील. गरज होती. नव्या प्रसूती रुग्णालयाचं काम हातात होतं.

त्या कामासाठी साहेब चव्वेचाळीस वर्षं थांबले होते. जुन्या रुग्णालयात प्रसूतिकक्षाचा दरवाजा इतका अरुंद की ट्रॉली आत जायचीच नाही. कळा चालू असताना बायकोला दारात खाली उतरवलं, दोन नर्सांनी दोन्हीकडून धरलं आणि चार पावलं चालवत आत नेलं. ठकी त्या चार पावलांत जन्माला आली नाही एवढंच. तरण्या नवऱ्याने ते बाहेर उभं राहून बघितलं होतं. म्हणून नव्या रुग्णालयाच्या कमिटीपुढे त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "प्रसूतिकक्षाचे दरवाजे एकशेवीस सेंटिमीटर. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

एवढं काम पुरं होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. आणि जमतही होतं म्हणा. सगळी इमारत त्यांना तोंडपाठ. ठकीने कलम वाचलं की बोट आपोआप बरोब्बर जागी जायचं. फक्त बोटाखाली काय लिहिलंय ते दिसत नव्हतं.

दारांचा नकाशा बाहेर पडला त्या दिवशीची गोष्ट. टेबलावर मोठा कागद पसरलेला, पलीकडे खुर्चीत ठकी.

"चौदावं. प्रसूतिकक्ष, दरवाजे, एकशेवीस."

"पाहिलं."

ठकी थांबली. मग पुन्हा म्हणाली, "चौदावं. प्रसूतिकक्ष, दरवाजे, एकशे... वीस."

"पाहिलं म्हटलं ना!"

साहेब इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खोलीत ड्राफ्ट्समनच्या हातातली चहाची बशी वाजली. ठकीने पंधरावं कलम वाचलं.

सात आठवड्यांनी मुकादमाचा फोन आला. "साहेब, जरा साइटवर येऊन जाता का? नाही नाही, पडलं-बिडलं काही नाही."

मुकादम जेव्हा 'पडलं-बिडलं काही नाही' म्हणतो, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतंच. बापलेक गेले. भिंती उभ्या होत्या, गिलावा व्हायचा होता, सहाही चौकटी बसवून झाल्या होत्या. आणि पहिल्याच दरवाजात एक ट्रॉली अडकून बसली होती. मोठ्या नर्सबाईंनी ती जुन्या रुग्णालयातून टेम्पोत घालून आणलेली. या बाई चौतीस वर्षं बाळंतपणं करत आलेल्या, कुणाच्या शब्दावर जायच्याच नाहीत. खात्री स्वतः करून घ्यायच्या.

"ढकला अजून," त्या म्हणाल्या.

"बाई, ढकलून दरवाजा वाढत नाही," मुकादम म्हणाला. "आता एक उपाय, पेशंटला उभं करून न्यायचं."

कुणी हसलं नाही.

ठकीने नकाशाची गुंडाळी सोडली. कागदाची सळसळ थांबली, आणि मग तिचा श्वास साहेबांना ऐकू आला. "एकशेदोन पडलंय," ती म्हणाली. ड्राफ्ट्समनने टाइप करताना २ आणि ० यांची अदलाबदल केली होती. १२० चं १०२. त्यातून चौकट आणि दाराची जाडी वजा केली की उरतात ब्याण्णव, आणि ट्रॉली पंचाण्णव. तीन सेंटिमीटर. दोन बोटं म्हणा.

"पण तुमच्याकडे तर दोघं दोघं तपासतात ना?" नर्सबाई म्हणाल्या. "सगळं गाव सांगतं, तुमच्या यादीचं."

"चूक माझी आहे," ठकी म्हणाली. "वाचताना मीच एकशेदोन वाचलं असणार."

"असणार? अहो, तुम्ही स्वतः बाळंत झालेल्या बाई! तुम्हाला कळू नये? लक्ष कुठे होतं तुमचं?"

नर्सबाईंनी तिची चांगली पाच मिनिटं खरडपट्टी काढली. ठकीने मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि विमानसाहेब? तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "भिंतीची कड फोडून घ्यावी लागेल. चौकटी नव्या." बास. एवढंच. लेकीने एकशेवीस वाचलेलं त्यांनी कानांनी ऐकलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. तरी हा माणूस मूग गिळून उभा राहिला. लाज वाटली ना, खूप वाटली, पण लाज वाटून जीभ सुटतेच असं नाही.

परत येताना गाडी ठकी चालवत होती. साहेबांच्या डोक्यात मात्र मास्तर येऊन बसला होता.

मास्तर म्हणजे त्यांचा सहवैमानिक. वय एकवीस. शाळेत हजेरी घ्यावी तशी यादी वाचायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्या सकाळी त्यांची पाचवी फेरी होती. पिठाची पोती भरलेली, खालून घाई चाललेली. सामानाच्या दाराची कडी नीट बसली की वैमानिकाच्या उजव्या खांद्यामागे एक हिरवा दिवा लागे. मान पूर्ण वळवली तरच तो दिसे. चार फेऱ्यांनी साहेबांची मान आखडून गेली होती. मास्तरने वाचलं, "मागचं दार, कडी." साहेबांनी मान न वळवता सांगितलं, "पाहिलं." मास्तर थांबला आणि पुन्हा म्हणाला, "मागचं दार, कडी." "पाहिलं म्हटलं ना!" साहेब खेकसले. मास्तरने पुढचं वाचलं.

वर गेल्यावर दार धाडकन उघडलं. "मी बघून येतो, साहेब," म्हणून मास्तर मागे गेला. तो परत आला नाही.

चौकशी झाली. कडी झिजली होती असं कागदावर आलं, आणि ते खरंच होतं. दिवा लागला होता की नव्हता, हे कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तो पाहिलाच नव्हता. त्रेपन्न वर्षं या माणसाने 'पाहिलं' हा शब्द देवासारखा सांभाळला, साऱ्या ऑफिसाला छळलं, बसगाड्या चुकवल्या, ते सगळं त्या एका खोट्या 'पाहिलं'पायी. मी त्या पोराला फसवलं, हे त्यांच्या मनातून एक दिवस गेलं नव्हतं.

ऑफिसात साडेतीनला ड्राफ्ट्समनने सुधारलेला नकाशा टेबलावर आणून टाकला आणि कान पकडून उभा राहिला. "जा, चहा पी," साहेब म्हणाले. मुकादमाचे सुतार नव्या मापांसाठी खोळंबले होते. ठकी समोर बसली आणि तिने पिवळा पुठ्ठा उचलला.

"पहिलं. पाया ते जोतं, पंचेचाळीस."

साहेबांचं बोट बरोबर जागी गेलं. तिथे त्यांना एक करडा डाग दिसत होता, डागाच्या कडेने पांढरा कागद, कागदाच्या कडेने टेबल, आणि टेबलापलीकडे लेकीचा हात. चेहरा नाही. शब्द जिभेवर येऊन बसला होता. सोपा शब्द. आज म्हटला असता तर उद्याही म्हणता आला असता.

"नाही पाहिलं," ते म्हणाले.

"बघा मग."

"ठके, दिसत नाही गं मला. आकडे दिसत नाहीत. सहा महिने झाले. तू दोन्ही वेळा एकशेवीस वाचलंस, आणि मी न बघता पाहिलं म्हणालो. आणि आज ती बाई तुला बोलत होती तेव्हा गप्प बसलो. हे तर त्याहून वाईट."

बोलून झाल्यावर ते थांबले. आता ही रडेल, नाहीतर भडकेल, असं त्यांना वाटलं.

"माहीत आहे मला," ठकी म्हणाली.

"माहीत आहे म्हणजे? काय माहीत आहे?"

"दिसत नाही ते. नंबर वाढला म्हणालात ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात कळलं."

"कशावरून? बोट तर बरोबर जागी जात होतं!"

"अहो बाबा, अठरा वर्षं वाचतेय मी. आधी काय व्हायचं, मी वाचलं की कागदावर बोट टेकायचं, मग तुमचा एक श्वास, आणि मग 'पाहिलं'. आता माझं वाक्य संपायच्या आत 'पाहिलं' येतं. वाचणाऱ्याला कळतं ते. त्याला दुसरं काम काय असतं?"

साहेब खुर्चीत मागे टेकले. "वाचणाऱ्याला कळतं?" त्यांनी हळू विचारलं.

"कळतंच."

"म्हणून तू चौदावं दोनदा वाचलंस?"

"हो."

"मग तिसऱ्यांदा का नाही वाचलंस?"

"तुम्ही ओरडलात," ठकी म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. "तुम्ही पाहिलं म्हणाल्यावर मी कशी म्हणू की नाही पाहिलंत? लहानपणापासून तुमच्या त्या एका शब्दावर आमचं घर चाललंय! आई म्हणायची, बाकी कशावर नाही, पण यांच्या 'पाहिलं'वर डोळे मिटून विसंबावं. मी रोज तुम्ही घरी गेल्यावर सगळे नकाशे पुन्हा तपासत होते. तो एकच राहिला. पोरीला ताप होता, म्हटलं सकाळी बघू. सकाळी तो साइटवर गेलेला. मग चूक माझी नाही तर कुणाची?"

ठकीला वाटलं, आपण फार बोललो. ती उठून जवळ आली, तर बाप रडत होता. बायको गेली तेव्हा तिने त्यांना रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आज.

"मास्तरनेही दोनदा वाचलं होतं," ते म्हणाले.

"कोण मास्तर?"

मग त्यांनी सांगितलं. फेरी, मान, दिवा, दार, सगळं. घरात कुणालाच, बायकोलासुद्धा, हे कधी सांगितलेलं नव्हतं. "मला वाटायचं, मी त्याला फसवलं," ते म्हणाले. "फसवलं असतं तर बरं झालं असतं गं. त्याला माहीत होतं! मी दिवा बघितला नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून तर त्याने पुन्हा वाचलं. आणि मी ओरडलो म्हणून तो गप्प बसला. एकवीस वर्षांचा होता. माझ्या तोंडावर बोलायची त्याची छाती झाली नाही, आणि तेच दार बघायला तो गेला."

ठकी त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली आणि त्यांचं डोकं तिने पोटाशी धरलं.

जरा वेळाने साहेबांनी चष्मा पुसला. सवय, दुसरं काय. "मुकादमाला फोन लाव," ते म्हणाले. "आणि नर्सबाई तिथे असतील तर त्यांनाही ऐकू जाईल असा लाव."

फोनवर त्यांनी एका दमात सांगून टाकलं. लेकीने बरोबर वाचलं होतं, डोळे माझे गेलेत, चूक माझी आहे. पलीकडून मुकादम घसा खाकरून म्हणाला, "ते आम्हाला माहीत होतं, साहेब. मागच्या महिन्यात तुम्ही नकाशा उलटा धरून मला अर्धा तास जिना समजावला होता. मला आधी वाटलं, गंमत करताय."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्हाला? बापरे!"

साहेबांनी फोन ठेवला. "म्हणजे सगळ्या गावाला दिसत होतं," ते म्हणाले, "आंधळा तेवढा मीच." आणि ठकी हसायला लागली, डोळे पुसत पुसत हसायला लागली, तेव्हा तेही हसले.

सव्वाचार झाले होते. सुतार अजून थांबलेलेच.

"तू इकडे बस," साहेब उठून म्हणाले. "माझ्या खुर्चीत. मी वाचतो."

"वाचता? कसं?"

"पुठ्ठा ठेव तिकडे. एकतीस कलमं डोक्यात आहेत, या इमारतीच्या आकड्यांसकट. आणि नकाशावर सही आजपासून तुझी. पाहील त्याची सही."

बापलेकींनी जागा बदलल्या. तिच्या खुर्चीत साहेब पहिल्यांदाच बसले होते. समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ऐकताना त्यांना कळलं की ठकी म्हणाली ते अगदी खरं. कागदावर बोट टेकल्याचा बारीक आवाज येतो. मग एक श्वास. मग शब्द. पहिलं, दुसरं, तिसरं. चौदावं आलं तेव्हा दोघं जरा थबकले, आणि ठकी म्हणाली, "एकशेवीस. सहाच्या सहा. पाहिलं." साहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

सतरा, अठरा, एकोणीस. आता ती वेगात होती. तिकडे मुकादमाचा पुन्हा फोन वाजत होता.

"विसावं," साहेब म्हणाले. "प्रसूतिकक्षापुढचा बोळ, शेवटचं दार, एकशेवीस."

"पाहिलं."

साहेबांनी कान टवकारले. बोट टेकलं नव्हतं. श्वास नव्हता.

"विसावं," ते पुन्हा म्हणाले. "बोळ, शेवटचं दार, एकशेवीस."

"बाबा, पाहिलं म्हटलं ना! मुकादम केव्हाचा फोन करतोय!"

साहेब एक क्षण थांबले. लेकीच्या तोंडावर तिला खोटी म्हणायचं, तेही आजच्या दिवशी, यासाठी किती बळ लागतं हे त्यांना या खुर्चीत बसल्यावर कळत होतं. एकवीस वर्षांच्या पोराला ते कुठून मिळणार होतं?

"विसावं," ते तिसऱ्यांदा म्हणाले. "बोळ, शेवटचं दार, एकशेवीस."

खुर्ची पुढे सरकली. फोन वाजायचा थांबला. कागदावर बोट टेकल्याचा आवाज आला, मग एक श्वास, आणि मग शब्द आलाच नाही.

"बाबा," ठकी म्हणाली, "इथे अजून एकशेदोनच आहे."

"दुरुस्त कर मग," साहेब म्हणाले. "एकविसावं वाचतो."